चार बोटांवरचा माईक

अगं बाय, माईक घ्यायला तू पैसे साठवतेयस हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण तू ज्याचा फोटो पाठवलास तो माईक अजून मागवू नकोस. रबरी दोऱ्यांच्या चौकटीत लटकवलेला, मोठ्या जाळीचा तो कंडेन्सर माईक आहे. माईक वाईट नाही. चांगल्या स्टुडिओत, भिंतींवर जाड फोम लावलेल्या खोलीत तो आवाजातला बारीकसा श्वासही टिपतो. तुझं घर मात्र अंबाडी नाक्याजवळ, वाडा रोडला लागून आहे. कारखान्यांकडे जाणारे ट्रेलर रात्रीचेही थांबत नाहीत, खड्ड्यात चाक गेलं की खिडकीची काच वाजते. वर पत्रा, आत पंखा, पलीकडे फ्रिज. त्या खोलीत तू वीतभर लांब उभी राहून गायलीस तर तुझ्या आवाजाबरोबर हे सगळं रेकॉर्ड होईल, आणि ऐकताना तुला वाटेल की आपल्याच आवाजात काहीतरी खोट आहे. मला त्याचीच भीती वाटते. पैसे गेले तर परत साठवता येतात, पण आपला आवाज चांगला नाही असं एकदा मनानं घेतलं की गाणं सुटतं.

तुझ्यासाठी डायनॅमिक माईक. लग्नाच्या मांडवात, देवळातल्या भजनात, सभेत जो हातात घेतात त्याच जातीचा. ‘तो तर स्टेजचा माईक, रेकॉर्डिंगला कोण वापरतं’ असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाक. मायकल जॅक्सनच्या 1982 सालच्या ‘थ्रिलर’चं गायन ब्रूस स्वीडीन यांनी शूअर कंपनीच्या एसएम7 या डायनॅमिक माईकवर रेकॉर्ड केलं. त्यांच्यापुढे जगातला हवा तो महागडा माईक हजर होता, तरी त्यांनी हा निवडला.

आतलं काम अगदी साधं असतं. एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्याभोवती चुंबक. तू गातेस, पडदा हलतो, त्याच्याबरोबर वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात पुढे-मागे होतं आणि तारेत अगदी थोडी वीज तयार होते. स्पीकरमध्ये हेच उलट्या दिशेनं चालतं. याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. कंडेन्सरला मात्र केबलमधून 48 व्होल्ट पुरवावे लागतात, त्यालाच फँटम पॉवर म्हणतात. शिवाय वेटोळं चिकटवलेलं असल्यामुळे डायनॅमिकचा पडदा जड असतो. तो अगदी चपळाईनं हलत नाही, म्हणून वरच्या पट्टीतली अतिबारीक चमक थोडी कमी येते. तुझा आवाज टोकदार आहे, वरच्या सुरांत कधीकधी टोचतो. त्याला ही गोलाई मानवेल असं मला खात्रीनं वाटतं. एखादीचा आवाज मुळातच दबका असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता एक गोष्ट नीट समजून घे, कारण यात भलेभले गोंधळतात. ‘डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज ओढत नाही’ असं दुकानदारही सांगतात. ते तितकंसं खरं नाही. माईकला तुझा आवाज कोणता आणि पंख्याचा कोणता हे कळत नाही. तू त्याच्यापासून लांब गेलीस आणि तुझा आवाज पुरेसा यावा म्हणून गेन, म्हणजे माईकचा सिग्नल मोठा करायचं प्रमाण, वाढवलास, तर डायनॅमिकमध्येही पंखा येणार, ट्रेलरही येणार. फरक पडतो तो अंतरानं. अंतर दुप्पट झालं की तुझा आवाज सुमारे 6 डेसिबलनं पडतो, पंखा मात्र होता तेवढाच राहतो. ओठांपासून चार बोटांवर, म्हणजे साधारण 7 सेंटिमीटरवर असलेला माईक तू वीतभर लांब नेलास तर अंतर तिप्पट होतं आणि तुझा आवाज साडेनऊ डेसिबलच्या आसपास खाली जातो. तेवढं गेननं भरून काढलंस की खोलीतला सगळा गोंगाट तितकाच वर येतो. डायनॅमिक माईक जवळून गाण्यासाठीच बनवलेला असतो, ओठाजवळचा श्वासाचा मारा तो सोसतो, जवळून गोडही वाजतो. म्हणून तो आपल्या घरांत चालतो. कोणता माईक घेतलास यापेक्षा तू त्याच्यापासून किती बोटांवर आहेस याला जास्त महत्त्व आहे, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते.

घ्यायचा कोणता? माझं मत विचारशील तर शूअरचा एसएम58. 1966 पासून तो बाजारात आहे आणि तेव्हाची ती गोल जाळी आजही तशीच ओळखू येते. हातातून पडला तरी सहसा चालू राहतो. उद्या मांडवात गायला बोलावलं तर पिशवीत टाकून घेऊन जाता येतो. बटण असलेलाही मिळतो, पण तू बिनबटणाचा घे. छान रंगलेलं गाणं चुकून बटण बंद राहिल्यामुळे रेकॉर्डच झालं नाही, असं व्हायला नको. एवढे पैसे आत्ता नसतील तर अहुजाचा साधा डायनॅमिक घे. आपल्याकडच्या मांडवांत तोच असतो आणि सरावाला तो पुरतो. पॉडकास्टवाल्यांच्या पुढ्यात दिसतो त्या एसएम7बीच्या मोहात मात्र पडू नकोस. माईक उत्तमच आहे, पण त्यातून निघणारा सिग्नल फार बारीक असतो. त्याला निदान 60 डेसिबल स्वच्छ गेन हवा. स्वस्तातल्या इंटरफेसवर, म्हणजे माईकचा सिग्नल मोठा करून लॅपटॉपला देणाऱ्या डबीवर, तेवढा गेन ओढला की सूं असा आवाज येतो, मग तो काढायला आणखी एक डबी विकत घ्यावी लागते. किंमतही एसएम58च्या कितीतरी पट. त्या पैशांत तुझा माईक, इंटरफेस, हेडफोन आणि स्टँड सगळं येईल.

एसएम58 घेताना नकलीपासून सांभाळ. जगात सगळ्यात जास्त नकला निघणाऱ्या माईकांत तो आहे. अर्ध्याहून कमी किमतीत मिळतोय असं दिसलं की समजून जायचं. खऱ्याचं वजन साधारण 298 ग्रॅम. नाक्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावरही ते तपासता येईल, पण वजन जुळलं एवढ्यावर तो खरा म्हणू नकोस. म्हणूनच मी म्हणते, मोबाईलवर मागवू नकोस, एक दिवस काढून मुंबईला जा. वज्रेश्वरीवरून शिरसाडमार्गे विरार गाठ, पुढे लोकलनं ग्रँट रोडला उतरलीस की लॅमिंग्टन रोड जवळच आहे. धोबीतलावला फर्टाडोसचं जुनं दुकान आहे, 1865 पासूनची पेढी. तिथे लाजू नकोस. ‘जोडून दाखवा, हेडफोन द्या, मला गाऊन बघायचंय’ असं सरळ सांग आणि तुझंच गाणं गा. आपण गावाकडून आलो म्हणून दुकानात खालच्या आवाजात बोलतो, विकणारा दाखवेल ते घेऊन येतो. तू तसं करू नकोस. पैसे तुझ्या कष्टाचे आहेत.

माईकबरोबर इंटरफेसही लागेल. केबल घेताना दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर असलेलीच घे. मांडवातल्या माईकला बऱ्याचदा एका टोकाला जाड पाव इंची जॅक असतो. तो इंटरफेसला लावला तर आवाज क्षीण येतो आणि घरघर वाढते. लॅपटॉप नसेल, फोनवरच काम करायचं असेल, तर सॅमसनचा क्यू2यू बघ. तोही डायनॅमिकच आहे, आणि त्याला यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही आहेत. आत्ता यूएसबीनं फोनला जोडायचा, पुढेमागे इंटरफेस घेतलास की एक्सएलआरनं. आणि चुकून फँटम पॉवर चालू राहिली तर घाबरू नकोस. एक्सएलआर केबल धड असेल तर डायनॅमिक माईकला त्यानं काही होत नाही. तरी जोडण्याआधी बंद करायची सवय लाव.

आता खोली. रस्त्याकडची पुढची खोली नको, मागची घे. एसएम58 समोरचा आवाज सगळ्यात जास्त घेतो आणि अगदी पाठीमागचा सगळ्यात कमी. म्हणून माईकची पाठ, म्हणजे केबलचं टोक, खिडकीकडे कर. तू खिडकीकडे तोंड करून उभी राहशील. इथे सगळे एक गोष्ट विसरतात: माईक तुझ्याकडे बघतो म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीकडेही बघतो. तुझा आवाज खोलीत फिरून त्या भिंतीवरून परत येतो आणि थेट माईकच्या तोंडात शिरतो. म्हणून गोधडी टांगायची ती आपल्या पाठीमागे. आजीच्या हातची जाड गोधडी असेल तर फारच उत्तम. दोन टांगल्यास तर दोन्हींच्या मध्ये थोडी जागा सोड. नुसत्या लादीवर उभी राहू नकोस, खाली सतरंजी घाल. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलंस तरी फरक कळेल.

पंखा बंद करायचा, हे सांगायला नको. उकडेल, पण एका गाण्यापुरतं सोस आणि मग लाव. फ्रिजचा स्विच बंद करशील तर परत लावायची आठवण राहील असं काहीतरी कर, नाहीतर आई ओरडेल. आणि वीज गेली तर चरफडू नकोस. पंखा, फ्रिज, ट्यूबचा चोक सगळं गप्प झालेलं असतं, लॅपटॉप बॅटरीवर असतो, इंटरफेस त्याच्यावरच चालतो आणि डायनॅमिकला वेगळी वीज लागतच नाही. शेजारी जनरेटर लागला नाही तर गाण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. एरवीसुद्धा चार्जर काढूनच रेकॉर्ड कर. घरात अर्थिंग नीट नसलं किंवा चार्जर दोनच पिनांचा असला की त्यातून घूं असा आवाज शिरतो. इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझरपासूनही माईक लांब ठेव. आत तारेचं वेटोळं आहे ना, ते त्यांच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर सरळ पकडतं. ती येतेय असं वाटलं तर माईक जागच्या जागी थोडा फिरवून बघ, एखाद्या कोनात ती कमी होते.

पाऊस सुरू झाला की पत्र्याखाली रेकॉर्डिंगचं नाव काढू नकोस. त्यावर कुठल्याच माईककडे इलाज नाही. आपल्याकडची पावसाळी हवा कंडेन्सरच्या पडद्यालाही मानवत नाही, त्यातून चरचर येऊ लागते. डायनॅमिक ती ओल पुष्कळ सोसतो. तरी त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. दादाच्या वेल्डिंगच्या टेबलावर तर कधीच ठेवू नकोस! आत चुंबक आहे, लोखंडाचा कीस जाळीतून आत ओढला जातो आणि पडद्याला चिकटला की निघता निघत नाही. जाळी मात्र फिरवून निघते. अधूनमधून ती साबणाच्या पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळवायची, मगच परत लावायची. माईकवर थुंकी उडते, वास येतो, आणि उद्या दुसऱ्या कुणाला तो द्यायचाही असतो.

मग गायला उभी राहा. माईक हातात नको, स्टँडवर. हातात धरलास की बोटांची खरखर येते. पुढे कधी हातात धरावाच लागला तर जाळी मुठीत आवळू नकोस, मागच्या बाजूनं येणारे आवाज टाळायची त्याची सोय त्यानं मोडते, स्टेजवर शिटी मारतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. चार बोटं मोजून ओठांसमोर ठेव आणि मग जरासा बाजूला सरकव, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, तोंड तुझ्याचकडे ठेवून. आपल्या भाषेत प, फ, ब, भ पावलोपावली येतात. ‘पंढरी’ म्हटलं की श्वासाचा झोत थेट पडद्यावर आदळतो आणि धप् असा आवाज रेकॉर्ड होतो. माईक बाजूला असला की तो झोत समोरून निघून जातो आणि सूर तेवढे माईककडे येतात. तरीही येत असेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये जुना पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसव आणि तुझ्या आणि माईकच्या मध्ये दोन बोटांवर लाव. विकतच्या पॉप फिल्टरचं काम तो चांगलं करतो.

जवळ गेलीस की आवाजातला खर्ज फुगतो, हेही लक्षात ठेव. एका दिशेचा आवाज जास्त घेणाऱ्या माईकांचा तो धर्मच आहे. तुझ्या आवाजाला त्यानं थोडी ऊब येईल, ती ठेव. फार घुमायला लागलं तर एक बोट मागे ये. पण एकाच गाण्यात एका ओळीला दोन बोटांवर आणि पुढच्या ओळीला वीतभर लांब असं करू नकोस. दोन ओळी दोन वेगळ्या बायकांनी गायल्यासारख्या वाटतील आणि नंतर ते दुरुस्त करता येत नाही. तू गाताना डोलतेस. डोलणं थांबवू नकोस, गाणं त्यातूनच येतं; फक्त खांद्यापासून डोल, तोंड जागेवर राहू दे. अभंगात तार षड्जाला जाताना तेवढंच किंचित मागे हो आणि उतरताना परत जागेवर ये. गेन लावताना आधी गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ गा आणि मीटर उणे 12 ते उणे 10 च्या आसपास राहील असं बघ. 24 बिटवर रेकॉर्ड करत असशील तर आवाज कमी दिसतोय म्हणून काळजी करायचं कारण नाही, नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र परत शिवता येत नाही.

तंबोरा हेडफोनमध्ये हळू लाव आणि एक कान उघडा ठेव. दोन्ही कान झाकले की आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो आणि सूर वर-खाली जायला लागतो. झाकलेला कान हेडफोननं नीट दाबलेला असू दे, आणि मोकळ्या कानाकडचा हेडफोन गालाला चिकटवून ठेव, नाहीतर त्यातला तंबोरा माईकमध्ये येईल.

आणि बाय, तुझी खरी भीती मला माहीत आहे. ‘माझा आवाज लहान आहे, मोठ्यानं गायलं की फाटतो.’ मोठ्यानं गाऊच नकोस ना! 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला येऊन गाणी मुद्रित करून गेला तेव्हा माईक नव्हता. भोंग्यात तोंड घालून गावं लागे, आणि आवाजाच्या जोरावरच सुई हले. 1925 च्या सुमाराला विजेवरचं मुद्रण आलं आणि हळू गाणाऱ्याचाही आवाज तबकडीवर उतरू लागला. आपल्याकडे ग. ना. जोशी, गजानन वाटवे यांच्या पिढीचं भावगीत रुजलं ते त्यानंतरच. शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं त्या गाण्यातलं बोलणं आहे. माईक चार बोटांवर आहे म्हणजे ऐकणाऱ्याचा कान चार बोटांवर आहे. त्याला ओरडून कशाला सांगायचं? आजी तुला लग्नातला धवला शिकवताना ज्या आवाजात गाते तेवढ्याच आवाजात गा. स्टुडिओतल्या बायांसारखा गळा वळवायलाही जाऊ नकोस. आगरी बोलीतला शब्द आगरीच राहू दे, हेल राहू दे. तो पुसून गायलीस तर इतका खटाटोप कशाला?

एक काम मात्र माझ्यासाठी आधी कर. माईक आला की तुझ्या स्वतःच्या गाण्याआधी आजीला त्याच्यासमोर बसव. आपल्याकडच्या लग्नातले विधी धवलारीण गाऊन लावते, हळदीपासून वरात घरात येईपर्यंत प्रत्येक कामाचं गाणं वेगळं, आणि ती गाणी बहुतेक तोंडीच चालत आली आहेत. आता मांडवात डीजे आला की त्या बिचाऱ्या कोपऱ्यात बसतात, कुणी दोन ओळी गा म्हटलं तर गातात. आजीला उभं राहायला लावू नकोस, तिच्या पाटावर बसू दे आणि स्टँड खाली घे. समोरून माईक आला तर ती बुजेल. तो तिच्या हनुवटीच्या खालून वर तोंड करून ठेव, चार बोटांऐवजी सहा चालतील. ती मध्येच थांबून ‘इथे नवरीची मावशी पुढे येते’ असं सांगेल, तेव्हा रेकॉर्डिंग बंद करू नकोस. ते सांगणंही गाण्याइतकंच हवंय. तिच्या जोडीच्या दोघी-तिघी आल्या आणि गोल करून बसल्या तर मात्र हा एकच माईक मधे ठेवून भागणार नाही. प्रत्येकीपासून तो हातभर लांब जाईल आणि घर आत शिरेल. तेव्हा आजीसमोर माईक ठेव आणि बाकीच्यांसाठी फोन मधोमध ठेवून त्याचा रेकॉर्डर चालू कर. दोन्ही चालू झाले की एक टाळी वाजव, नंतर दोन्ही फायली त्या टाळीवर जुळवता येतील.

रेकॉर्डिंग सुरू केलंस की लगेच गाऊ नकोस. दहा सेकंद काही न करता उभी राहा. त्या दहा सेकंदांत खोलीत उरलेला आवाज कसा आहे ते मला कळेल, आणि नको असलेली घरघर काढायलाही तोच नमुना लागतो. वरून रिव्हर्ब, इको काही चढवू नकोस. चूक झाली तर थांबू नकोस, ती ओळ परत गा आणि पुढे जा, कापायचं नंतर बघू. पहिली फाईल झाली की मला पाठव, कोरडी, आहे तशी. फक्त व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून नको, त्यात आवाज चेपला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि मापं लिही: माईक किती बोटांवर होता, गोधडी कुठे टांगली होती, गेन कितीवर होता. रविवारी दुपारी मी हेडफोन लावून बसते, मग आपण दोघी मिळून ऐकू.